पोर्टोला जाताय? आधी पूल ओलांडा

पोर्तुगालची प्रसिद्ध पोर्ट वाईन पोर्टो शहरात बनत नाही आणि पोर्टोमध्ये मुरतही नाही. द्राक्षं पिकतात आत, शंभरेक किलोमीटरवर, दोरू नदीच्या वरच्या खोऱ्यात. वाईन मुरते नदीच्या पलीकडच्या काठावर, विला नोव्हा द गाया नावाच्या वेगळ्या शहरात. माल मात्र जगभर गेला तो या बंदराच्या नावाने, म्हणून बाटलीवर पोर्टो.

एवढं डोक्यात बसलं की सहलीचा आराखडा आपोआप सुचतो. आपल्याकडची बरीच मंडळी लिस्बनहून सकाळच्या गाडीने येतात, काठावरच्या रंगीत घरांसमोर फोटो काढतात, एका ठिकाणी वाईन चाखतात आणि रात्री परत जातात. पायांचे तुकडे पडतात आणि नदी कळत नाही ती नाहीच. माझं सरळ म्हणणं आहे: तीन पूर्ण दिवस द्या. एक शहराला, एक गायाला, एक नदीच्या वरच्या अंगाला. दोनच दिवस असतील तर शहरातली प्रेक्षणीय स्थळं कापा, वरचं खोरं कापू नका.

कधी जायचं, कसं पोचायचं

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. द्राक्षतोडणी साधारण तेव्हा आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला चालते. मे-जूनही उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राजवळ असल्यामुळे शहर सुसह्य असतं, पण वरच्या खोऱ्यात विदर्भ आठवेल. त्या भागात म्हणच आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस. मुंबईसारखा कोसळत नाही, पण वारा छत्री उलटी करतो.

२३ जूनची रात्र हा वेगळाच प्रकार. सेंट जॉनच्या सणाला सगळं शहर रस्त्यावर असतं, कोळशावर सार्डिन मासे भाजले जातात आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या डोक्यात प्लॅस्टिकचे हातोडे हाणतात. कुणी रागवायचं नाही. दुसऱ्या दिवशी नदीत जुन्या वाईनवाहू होड्यांची शर्यत असते. गर्दी सोसत असेल तर जरूर जा, फक्त खोली काही महिने आधी ठरवा.

पोर्तुगाल शेंगेनमध्ये येतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधी तरी जावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने हातात ठेवा, कारण अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी परीक्षा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. भारतातून पोर्टोला थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, पॅरिस, इस्तंबूल अशा एखाद्या ठिकाणी बदलून थेट पोर्टोला उतरा किंवा दुबईमार्गे लिस्बनला उतरून रेल्वेने या. लिस्बन विमानतळावरून मेट्रोची लाल लाईन तीन स्टेशनांत ओरिएंत स्थानकावर सोडते. तिथून आल्फा पेंदुलार ही जलद गाडी पोर्टोच्या कांपान्या स्थानकाला साधारण तीन तासांत पोचवते. तिकीट आधी काढलं तर चांगलंच स्वस्त पडतं.

कांपान्यावर गाडीतले सगळे उतरतात म्हणून बाहेर पडून टॅक्सी शोधू नका. तिथून लोकल पाच-सात मिनिटांत थेट शहराच्या पोटात, साओ बेंतो स्थानकात, नेते. विमानाने आलात तर मेट्रोची जांभळी लाईन अर्ध्या तासात त्रिंदादला आणते. तिथे पिवळी लाईन पकडली की साओ बेंतो आणि पुलापलीकडे गाया. मेट्रोसाठी आंदांते नावाचं कार्ड लागतं. माणशी एक, एकाच कार्डावर दोघांनी प्रवास चालत नाही. गाडी बदलतानाही ते यंत्राला पुन्हा टेकवायचं, नाहीतर दंड. आपल्याला फाटकं ओलांडायची सवय असते; इथे फलाटावर एक खांब उभा असतो आणि तो नजरेतून सहज सुटतो.

खोली निवडताना नकाशा बघू नका, चढ बघा. आमच्या पहिल्या मुक्कामाच्या जाहिरातीत 'नदीपासून दोनशे मीटर' असं होतं. खोटं नव्हतं. फक्त त्यातले बरेचसे मीटर उभे होते, आणि सासूबाईंचे गुडघे त्या हिशेबात धरलेले नव्हते. साओ बेंतो, त्रिंदाद किंवा आलियादुशच्या आसपास राहिलात तर मेट्रो हाताशी आणि सपाटीही थोडी. रिबेरा, म्हणजे अगदी काठ, दिसतो सुंदर, पण रात्री आवाज आणि रोज वर चढायची शिक्षा. पादत्राणं रबरी तळव्याची हवीत. दगडी फरसबंदी ओली झाली की पाय सरकतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर काठावरून बाताल्याला चढणारी गिंदाइशची फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरची छोटी रेल्वे, आणि गायाच्या बाजूची केबल कार, ही दोन नावं लिहून ठेवा. मुक्कामाच्या बिलात दर रात्री माणशी थोडा शहरकर वेगळा लागतो, त्यावर वाद घालू नका.

पहिला दिवस: पुलावरून

सामान टाका आणि संध्याकाळी थेट लुईश पहिला या राजाच्या नावाच्या पुलावर जा, वरच्या मजल्यावर. हा पूल दुमजली आहे. खाली काठाला काठ जोडतो, वर डोंगराला डोंगर. १८८६ साली वरचा मजला खुला झाला. आराखडा थिओफिल सेरिगचा, जो आधी गुस्ताव आयफेलचा भागीदार होता. दोघांच्या कंपनीने थोडं वरच्या अंगाला १८७७ साली मारिया पिया हा रेल्वेपूल बांधला होता. लुईश पुलाची लोखंडी कमान १७२ मीटर लांब. वरच्या मजल्यावर आता मेट्रो आणि पादचारी एकत्र चालतात. गाडी सावकाश येते, घंटा वाजवते, आपण बाजूला व्हायचं.

पुलाच्या मधोमध उभे राहा. उजव्या काठावर पोर्टो, एकावर एक चढलेली घरं. डाव्या काठावर गाया, लांबच लांब लाल कौलं आणि त्या कौलांवर वाईनवाल्यांची नावं, माणसाहून मोठ्या अक्षरांत. पश्चिमेला समुद्र. सगळे पर्यटक तिकडे तोंड करून सूर्यास्ताचे फोटो काढत असतात. तुम्ही एकदा पाठ फिरवा आणि पूर्वेकडे बघा. नदी त्या दगडी कड्यांमधून येते, आणि सगळी वाईन तिकडूनच आली.

आता खालच्या मजल्यापाशी उतरा. रिबेराच्या काठावर, पुलाजवळच, भिंतीत एक काळपट ब्राँझचं उठावचित्र आहे आणि त्यापुढे बहुतेक वेळा मेणबत्त्या पेटलेल्या असतात. लोक नदीत कोसळताहेत, हात वर गेलेत. २९ मार्च १८०९ ला मार्शल सूल्टचं फ्रेंच सैन्य शहरात घुसलं आणि जीव वाचवायला धावलेली गर्दी होड्या जोडून केलेल्या तरंगत्या पुलावर चढली. तो पूल गर्दीखाली कोलमडला. स्मारकाचं नाव आल्मिन्याश दा पोंत, म्हणजे पुलावरचे छोटे आत्मे. मेणबत्त्या अजून लावतात.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या ओळखीच्या माणसाचा आहे. त्याच वर्षी १२ मे रोजी इंग्रजांचा सेनापती दक्षिण काठावर, सेरा दो पिलार मठापाशी येऊन उभा राहिला. तुम्ही मघाशी ज्या उंचीवर होतात त्याच्या वरच. पुन्हा जोडलेला तरंगता पूल सूल्टने मोडला होता आणि होड्या आपल्या काठाला ओढून घेतल्या होत्या. पण एका न्हाव्याने इंग्रजांच्या एका अधिकाऱ्याला लपवलेल्या होड्यांचा पत्ता दिला आणि पलीकडून वाईन वाहणारे चार पडाव आणले गेले. त्या पडावांतून तीस-तीस शिपाई भर दिवसा नदी ओलांडून बिशपच्या सेमिनरीत शिरले आणि संध्याकाळपर्यंत शहर पडलं. सूल्टसाठी रांधलेलं जेवण या सेनापतीने खाल्लं असं सांगतात. त्याचं नाव आर्थर वेलस्ली. सहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा हाच, आणि त्याच डिसेंबरात गाविलगड घेणाराही हाच. असईलाही त्याने नदीच ओलांडली होती: केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे मध्ये नदी पायी ओलांडता येईल असा उतार असणारच, एवढ्या अंदाजावर. तिथे गावांनी उतार दाखवला, इथे न्हाव्याने पडाव.

शहरातलं बाकीचं

दुसऱ्या दिवशीची सकाळ किंवा पहिल्या दिवसाचा उरलेला वेळ यासाठी पुरे. साओ बेंतो स्थानकाचा दर्शनी हॉल तिकिटाविना बघता येतो. निळ्या-पांढऱ्या सुमारे २०,००० टाइल्स, चित्रकार जॉर्ज कोलासो. गर्दी वरच्या मोठ्या लढायांच्या चित्रांपाशी थांबते. तुम्ही लहान चित्रं शोधा, ज्यांत द्राक्षतोडणी आहे आणि नदीतून वाईन नेणारी होडी आहे. क्लेरिगुशचा मनोरा (१७६३, वास्तुकार निकोलाउ नासोनी) चढायचा तर दोनशेहून जास्त अरुंद पायऱ्या आहेत. साओ फ्रान्सिस्को चर्चच्या आत लाकडी कोरीवकामावर एवढा सोन्याचा मुलामा आहे की डोळे शिणतात. जुन्या गोव्याची चर्चं पाहिली असतील तर हे कुठून आलं ते तिथे कळतं. लेलो हे १९०६ सालचं पुस्तकांचं दुकान सुंदर आहे, पण आत जायला तिकीट, तिकिटाला रांग आणि आत फोटोवाल्यांची गर्दी. वाचणाऱ्या माणसाला तिथे पुस्तक उघडायला जागा मिळत नाही. मी एकदा गेलो, पुन्हा जाणार नाही.

दुसरा दिवस: गायातल्या वखारी

इथल्या वाईन मुरवायच्या जागांना पोर्तुगीजमध्ये 'काव्हिश' आणि इंग्रजीत 'लॉज' म्हणतात. मराठी प्रवासवर्णनांत 'तळघर' लिहिलेलं असतं, पण त्यांतल्या बहुतेक जागा जमिनीवरच आहेत: जाड भिंती, कौलारू छप्पर, आत अंधार. आपला जुना शब्द चपखल बसतो, वखार. गंमत म्हणजे इंग्रज व्यापाऱ्यांची इथली जी प्रसिद्ध इमारत आहे, १७८५ ते १७९० मध्ये बांधलेली, तिचं पोर्तुगीज नाव 'फेइतोरिया इंग्लेझा', म्हणजे शब्दशः इंग्रजांची वखार. राजापूरला होती तशीच.

वखारी गायालाच का? उत्तर उतारात आहे. गायाचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन कमी आणि समुद्रावरून दमट गार वारा. वरच्या खोऱ्यातल्या उन्हाळ्यात पिंपातली वाईन भाजून निघते. इथे ती सावकाश मुरते. १९८६ पर्यंत तर नियमच होता की पोर्ट निर्यात करायची ती गायातूनच.

आधी नोंदणी करा आणि दिवसाला एकच वखार, फार तर दोन. इतर वाईनला १२-१४ टक्के अल्कोहोल असतं, पोर्टला १९ ते २२. चार वखारींत प्रत्येकी तीन पेले म्हणजे दुपारी बाकावर झोप. फेरी आणि चाखणं मिळून माणशी साधारण २० युरोंपासून पुढे धरा, आणि शेवटची फेरी किती वाजता ते विचारा. आम्ही एका ठिकाणी साडेपाचला रमतगमत पोचलो तर दार बंद होत होतं. कोणती निवडायची? पुलाच्या पायथ्याशी कालें, काठावर सँडमन. पहिल्यांदा जाणाऱ्याला सोप्या. सँडमनचे वाटाडे काळा झगा आणि रुंद हॅट घालून फिरवतात, कारण त्यांच्या बोधचिन्हातला माणूस तसा आहे. पोर्तुगीज घराण्याची गोष्ट ऐकायची असेल तर फेरेइरा. टेकडीवर चढायची तयारी असेल तर टेलर्स किंवा ग्रॅहम्स. तिथून दिसणारं पोर्टो पैसे वसूल करतं.

आत गेल्यावर वाटाड्या इंग्रजीत 'पाइप' म्हणेल आणि त्याचा सहकारी पोर्तुगीजमध्ये 'पीपा'. लांबट लाकडी पिंप, ५५० लिटरचं. तिथे मला एकदम ठसका लागला, कारण मराठीतलं पिंप म्हणजे हाच 'पीपा'. पोर्तुगीजांबरोबर आलेला शब्द आपण पाण्याच्या टाकाऊ ड्रमला वापरतो, आणि इथे तो काळ्याभोर ओकच्या लाकडात, दोन रांगांत, खडूने लिहिलेल्या आकड्यांसह आडवा पडलेला. हात लावून बघा (परवानगी विचारून). लाकूड गार असतं आणि सांध्यापाशी किंचित चिकट. तो चिकटपणा आत काय आहे ते सांगतो: साखर.

ही साखर कुठून आली, हे कळलं की पोर्टचं अर्धं शास्त्र कळलं. द्राक्षरस आंबायला लागला की यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल बनवतं. पूर्ण आंबू दिला तर साखर संपते आणि साधी कोरडी वाईन मिळते. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांत, साखर अर्धी शिल्लक असतानाच, ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू ओततात. साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर. बेरीज केली तर बरोबर एक पिंप. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, गोडी तिथेच अडकते. सुरुवातीला ही दारू थोडी घालत ती वाईन समुद्रप्रवासात टिकावी म्हणून. इंग्लंड-फ्रान्सची भांडणं चालू होती. १७०३ च्या इंग्लंड-पोर्तुगाल मेथ्युएन करारात पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली, आणि व्यापार असा फुगला की भेसळही फुगली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळत. मग पोर्तुगालच्या राजाचा मुख्य मंत्री, पोंबालचा मार्किस, याने १७५६ साली वाईनच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारी कंपनी स्थापली, द्राक्षप्रदेशाच्या सीमेवर ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि एल्डरची झाडं उपटायला लावली. पुढच्या वर्षी पोर्टोच्या गुत्तेवाल्यांनी दंगा केला. तो त्याने निर्दयपणे मोडला. नियमाने आखलेला, खांबांनी मोजलेला वाईनप्रदेश ही कल्पना जगात फार थोड्या ठिकाणी एवढी जुनी आहे.

आता पेल्याकडे. चाखताना फक्त दोन घराणी लक्षात ठेवा, बाकी नावं त्यांची पोटजात.

रूबी मोठ्या पिंपांत किंवा टाक्यांत ठेवतात. हवा कमी लागते, म्हणून रंग लाल राहतो, चव ताज्या फळाची. त्यातलीच निवडक म्हणजे एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज), चार ते सहा वर्षं लाकडात राहून बाटलीत भरलेली. आणि सगळ्यांत वर व्हिंटेज: एकाच उत्तम वर्षाची, दोनेक वर्षंच लाकडात आणि मग बाटलीत दशकानुदशकं. दरवर्षी निघत नाही; २०११ गाजलं, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं बऱ्याच कंपन्यांनी जाहीर केली, जे सहसा होत नाही.

टॉनी लहान पिंपांत मुरते. पिंप लहान तितका लाकडाशी आणि हवेशी संबंध जास्त, म्हणून लाल रंग उतरत विटकरी, मग मधासारखा होतो आणि चव सुक्या मेव्याकडे झुकते. १०, २०, ३०, ४० वर्षं असं लिहिलेलं असतं. ते मिश्रणाच्या सरासरी धाटणीचं वय, एका पिंपाचा जन्मदाखला नव्हे. एकाच वर्षाची टॉनी हवी असेल तर कोल्येइता, किमान सात वर्षं लाकडात. दरवर्षी पिंपातून जे उडून जातं त्याला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. ३० वर्षांच्या बाटलीची किंमत बघून कळतं, देवदूत बरेच पितात.

माझा सल्ला: पहिल्या चाखण्यात १० वर्षांची टॉनी आणि एलबीव्ही शेजारी-शेजारी मागा. पेले पांढऱ्या कागदावर तिरके धरा आणि कडेचा रंग बघा. एकाची कड जांभळी, दुसऱ्याची विटकरी. हा फरक डोळ्यांना एकदा कळला की दुकानात कुणी फसवू शकत नाही. वाईन पीत नसाल तरी फेरी घ्या. द्राक्षाचा रस देणाऱ्या वखारी आहेत, आधी विचारून ठेवा. काठावर उन्हात बसून प्यायला पांढरी पोर्ट, टॉनिक, बर्फ आणि लिंबू. यात तज्ज्ञपणा लागत नाही.

गोव्यात 'पोर्ट वाईन' म्हणून मिळणारी गोड लाल स्वस्त वाईन डोक्यातून काढून टाका. नातं फक्त नावाचं आहे. दोरूतल्या खऱ्या बाटलीच्या मानेवर नियामक संस्थेची कागदी पट्टी आणि क्रमांक असतो.

काठाला बांधलेल्या सपाट बुडाच्या, लांब सुकाणूच्या होड्या दिसतील, वर रिकामी पिंपं रचलेली. त्या रबेलो. आता शोभेच्या आहेत. १९६०च्या दशकापर्यंत खऱ्या होत्या. काही भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा आणि साल कोरलेलं सापडतं. डिसेंबर १९०९ ची खूण शोधा आणि तिच्याशेजारी उभे राहा.

तिसरा दिवस: नदीच्या वर

क्रूझची पत्रकं हातात कोंबली जातील. पन्नास मिनिटांची 'सहा पूल' फेरी ठीक आहे, वेळ घालवायला. पूर्ण दिवसाची बोट म्हणजे बराच वेळ जेवणाच्या टेबलाशी. तिच्यात खरं बघण्यासारखं एकच, कारापातेलो धरणाची लॉक, जिथे बोट खोल विहिरीसारख्या हौदात शिरते आणि पाणी भरून ३५ मीटर वर उचलली जाते. मी रेल्वे सुचवीन.

दोरू लाईनची गाडी साओ बेंतो किंवा कांपान्याहून निघते. वरच्या खोऱ्यातल्या पिन्याओ गावापर्यंत साधारण अडीच तास. काही गाड्या रेग्वाला बदलाव्या लागतात आणि अधूनमधून दुरुस्तीसाठी मार्गाचा तुकडा बंद असतो, म्हणून आदल्या रात्री सीपी या रेल्वे कंपनीच्या ॲपवर बघा. परतीची शेवटची गाडी कधी ते आधी, मग बाकी. आसनक्रमांक नसतात, म्हणून वीस मिनिटं आधी पोचा आणि उजव्या बाजूची खिडकी पकडा. पहिला तासभर काही नाही, उपनगरं आणि निलगिरी. झोप काढा. मग रूळ नदीला येऊन भिडतात आणि पुढे पाणी खिडकीखालीच असतं.

रेग्वानंतर डोंगर बघा. प्रत्येक उतारावर पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध, चुन्याशिवाय रचलेला. खालची जमीन माती नाहीच, शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा दगड. तो सुरुंगाने, पहारीने फोडून शेत केलं. पापुद्रे उभे असल्यामुळे वेलीची मुळं फटींतून खोल जातात आणि पाऊस नसतानाही तग धरतात. सह्याद्रीतल्या नाचणीच्या पायऱ्या आठवतात, पण तिथे निदान माती असते. मधेच काही पायऱ्यांवर द्राक्षं नाहीत, नुसतं झुडूप आणि ऑलिव्ह. त्यांना 'मोर्तोरियु' म्हणतात, मेलेले मळे. १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा ही कीड आली, वेलींची मुळं खाल्ली, आणि हे तुकडे पुन्हा कधी लागले नाहीत.

त्या काळात ज्या बाईने कर्ज देऊन, जमिनी विकत घेऊन अनेकांना तगवलं ती दोना आंतोनिया फेरेइरा (१८११–१८९६). लोक अजून प्रेमाने 'फेरेइरिन्या' म्हणतात. पिन्याओच्या पुढे वालेइराचा खडकाळ धबधबा होता. धरणाआधी तिथे होड्या फुटत. १८६१ साली तिची होडी तिथे उलटली. बरोबर होता जोसेफ जेम्स फॉरेस्टर, इंग्रज व्यापारी, ज्याने या नदीचे उत्तम नकाशे काढले होते. तो बुडाला, ती वाचली. सांगतात की त्याच्या कमरेला सोन्याच्या नाण्यांचा पट्टा होता, आणि तिला तिच्या घेरदार झग्याने तरंगवलं. पट्ट्याची गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण नदीचा नकाशा ज्याच्या हातचा त्यालाच नदीने नेलं, हे मात्र खरं.

पिन्याओ स्थानकाच्या भिंतींवर पुन्हा टाइल्सची चित्रं, २४, दोरूच्या खोऱ्याची आणि द्राक्षाच्या कामाची. स्थानकापासून किंता दो बोंफिं आणि किंता दा रोएदा या दोन मळ्यांना चालत जाता येतं. किंता म्हणजे मळा आणि त्यातलं घर. आधी वेळ ठरवून जा, दुपारची नको, उन्हात चटका बसतो. तोडणीच्या दिवसांत गेलात तर ग्रॅनाइटची उथळ हौद दिसेल, लगार. मांडीपर्यंत रसात उभी माणसं खांद्याला खांदा लावून, कवायतीसारखी, दोन तास एकसंध पावलं टाकतात. त्यानंतर 'लिबेर्दाद', म्हणजे सुटी, अकॉर्डियन सुरू आणि त्याच हौदात नाच. पायाने तुडवायचं कारण भावनिक नाही: द्राक्षाचं साल फुटून रंग यावा, पण बी फुटून कडवटपणा येऊ नये. आता बरेच ठिकाणी यंत्रं हे काम करतात, त्यांनाही पायांसारखेच मऊ रबरी तळवे लावलेले असतात.

वेळ उरला तर तासाभराची होडी घ्या, रबेलोच्या धाटणीची. बोटीवरून डोंगर जेवढे उंच वाटतात तेवढे गाडीतून वाटत नाहीत.

खायचं काय

पोर्टोकरांना 'त्रिपेइरु' म्हणतात, आतडी खाणारे. १४१५ च्या, उत्तर आफ्रिकेतल्या सेउतावरच्या मोहिमेला निघालेल्या आरमाराला शहराने सगळं चांगलं मांस दिलं आणि स्वतःला कोथळा ठेवला, अशी कथा. त्या आरमाराचा राजपुत्र हेन्री याच शहरात जन्मला होता. आतड्यांचा तो रस्सा अजून मिळतो. दुसरा मानाचा पदार्थ फ्रांसेझिन्या: पावात तीन-चार प्रकारचं मांस, वरून वितळलेलं चीज, आणि त्यावर बिअर-टोमॅटोचा तिखटसर रस्सा. दोघांत एक मागवा. पूर्ण संपवलेला माणूस मी अजून पाहायचा आहे.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. 'सें कार्न, सें पेइश' (मांस नाही, मासे नाहीत) हे चार शब्द पाठ करा, कारण नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की ट्यूना येतो. काल्दु व्हेर्द हे बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचं आणि बटाट्याचं सूप. त्यात सॉसेजची चकती असते, ती 'सें शोरीसु' म्हणून काढायला लावा. त्या पाल्याचं नाव 'कोव्ह', त्यावरूनच आपली कोबी. बटाटा बटाटाच. बरोबर मक्याचा जाड पाव, ब्रोआ. बोल्याओ बाजार २०२२ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडला आहे. फळं, चीज, ऑलिव्ह तिथे घ्या. आणि एक सावधगिरी: हॉटेलात बसताच पाव, लोणी, ऑलिव्ह न मागता समोर येतात. फुकट नसतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, बिलात लागत नाही.

बाटली घरी आणताना

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीत की हद्द ओलांडली. चेक-इन बॅगेत, मोज्यांत गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध.

कोणती आणायची? व्हिंटेजचा मोह होईल. ती आडवी, गार आणि अंधाऱ्या जागी ठेवायची असते, उघडण्याआधी गाळ खाली बसू द्यावा लागतो, आणि उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते. मे महिन्यातल्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच जमत नाही. आमच्या एका मित्राच्या माळ्यावर तीन उन्हाळे काढलेली व्हिंटेज उघडली तेव्हा मनुक्यांच्या काढ्यासारखी लागली. १० किंवा २० वर्षांची टॉनी घ्या. तिचं मुरणं गायातच संपलेलं असतं, बाटलीत ती बदलत नाही. बुचाला वर प्लॅस्टिकची टोपी असते, ओपनर लागत नाही, उघडल्यावर तीन-चार आठवडे टिकते. आडवी ठेवायची नाही, फ्रीजच्या दारात उभी करायची, थोडी गारच प्यायची, लहान पेल्यात. बरोबर शेंगदाण्याची चिक्की.